शिमग्याचा पाला, श्रावणातलं गवत

पाच वर्षांपूर्वी श्रावणात दोन दिवस उघडीप मिळाली म्हणून मी पुढच्या अंगणातलं आणि मागच्या परड्यातलं गवत एकदमच कापून काढलं. चार पोती भरली. युरियाची रिकामी पोती होती, त्यांत पायानं दाबून दाबून भरलं, तोंडं सुतळीनं बांधली आणि पोती भिंतीला टेकवून ठेवली. रविवारी सवडीनं बघू म्हटलं. चौथ्या दिवशी पहिलं पोतं उचललं तर खालून काळपट पाणी थेट पायावर आलं. आत हात घातला तर तव्यावरून काढलेल्या भाकरीसारखं गरम. वास तर असा सुटला की शेजारच्या काकूंनी कुंपणावरून विचारलं, ‘काय मेलंय की काय रे तुझ्या परड्यात?’

चूक गवताची नव्हती. ताज्या गवतात 80 टक्क्यांच्या आसपास नुसतं पाणी असतं. पाती मऊ आणि चपटी असल्यामुळे एकावर एक पडली की ओल्या वर्तमानपत्रासारखी चिकटून बसतात. सुरुवातीला हवेवर जगणारे जंतू त्यावर तुटून पडतात, म्हणून गवत तापतं. आतली हवा संपली की बिनहवेच्या जंतूंचं राज्य सुरू होतं आणि मग तो वास. पोतं असो, ढीग असो की खड्डा, गोष्ट तीच. म्हणून पुढं जे काही सांगणार आहे ते दोन शब्दांवर उभं आहे: गवत पातळ पसरायचं, नाहीतर कोरड्यात मिसळायचं.

आता अडचण अशी की बेळगावात हे कोरडं नेमकं हवं तेव्हा मिळत नाही. मृगाचा पाऊस लागला की दसऱ्यापर्यंत गवत थांबत नाही, आणि त्या काळात परड्यात वाळकी काडी शोधून सापडत नाही. खानापूर, जांबोटी, कणकुंबीकडं तर पाऊस जास्त, तिथं आणखीच कठीण. उलट फेब्रुवारी ते एप्रिल आंबा, फणस, साग, रेन ट्री यांचा पाला रस्तोरस्ती पडलेला असतो, पण तेव्हा गवत करपून गेलेलं असतं. लोक तो पाला पेटवतात आणि चार महिन्यांनी ओल्या गवतापुढं डोकं धरून बसतात. शिमग्यातला पाला श्रावणासाठी साठवायचा, एवढं जमलं तर बाकीचं सगळं सोपं आहे.

गवतात असतं तरी काय

दहा किलो ओलं गवत वाळून दोन किलोच्या आत-बाहेर उरतं. त्या वाळलेल्या गवतात साधारण 2 ते 4 टक्के नत्र (नायट्रोजन) असतो. खत घातलेल्या लॉनच्या गवतात जास्त, रानच्या गवतात कमी. म्हणजे दहा किलो ओल्या गवतात 40 ते 80 ग्रॅम नत्र. युरियाच्या भाषेत सांगायचं तर 90 ते 175 ग्रॅम युरिया. शिवाय पालाश (पोटॅश) असतं, थोडं स्फुरदही (फॉस्फरस). आमच्या पश्चिम भागातल्या तांबड्या मातीतून पावसाळ्यात नत्र आणि पालाश धुऊन जातं, ही तक्रार इथं प्रत्येक बागवाल्याची असते. आणि तेच आपण पोत्यात भरून फाटकाबाहेर ठेवतो.

दोन गोष्टी करू नका

जाळू नका. वाळलेलं गवत जाळलं की त्यातला जवळजवळ सगळा नत्र हवेत जातो, हातात राख उरते. कायदाही आड येतो. राष्ट्रीय हरित लवादानं डिसेंबर 2016 मध्ये उघड्यावर कचरा जाळण्यावर देशभर बंदी घातली आणि साध्या जाळण्याला 5,000 रुपये, मोठ्या प्रमाणावरच्या जाळण्याला 25,000 रुपये भरपाई ठरवली. त्याच वर्षी आलेल्या घनकचरा नियमांत बागेचा कचरा आपल्याच आवारात वेगळा ठेवावा असंही सांगितलं होतं. म्हणजे रोजच्या कचऱ्याच्या गाडीत तो ओल्या कचऱ्यावर ढकलून द्यायची सोय तिथंही धरलेली नव्हती.

गटारात आणि नाल्यात लोटू नका. हे मी दहादा सांगेन. बेळगावच्या बळ्ळारी नाल्याचं पाणी शहापूर, वडगाव, येळ्ळूरच्या भातशेतात शिरतं ही दर पावसाळ्यातली बातमी आहे. तिथं गाळ आणि जलपर्णी किती माजते ते बघितलेल्याला जास्त सांगायला नको. गवत पाण्यात कुजलं की त्यातला नत्र आणि स्फुरद पाण्यात उतरतो, आणि जलपर्णीला तेच हवं असतं. माझ्या दोन बुट्ट्यांनी नाला तुंबत नाही हे खरं, पण गटाराच्या जाळीवर पहिला थर बसतो तो अशाच दोन बुट्ट्यांचा, मग त्यावर प्लास्टिक अडकतं.

कापण्याआधी जरा बघून घ्या

सगळं हिरवं म्हणजे गवत नव्हे. कापायच्या आधी परड्यात एक फेरी मारा.

हरळी आणि लव्हाळा मुळासकट उपटला असेल तर तो थेट खतात नको. हरळीचा दोन पेरांचा तुकडाही पुन्हा रुजतो आणि लव्हाळ्याच्या काळ्या गाठी महिनोन् महिने जिवंत राहतात. त्या गच्चीवर कडक उन्हात हातात चुरा होईपर्यंत वाळवायच्या. पावसाळ्यात ऊन नसेल तर बादलीत पाण्याखाली दोन-तीन आठवडे बुडवून, वर झाकण घट्ट लावून कुजवायच्या आणि मग ढिगात. झाकण नसेल तर डास होतात. वरची पाती कापली असतील तर मात्र बिनधास्त वापरा.

गाजरगवत, म्हणजे आपलं काँग्रेस, फूल येण्याआधी उपटा. हातमोजे घालून. अंगावर खाज उठते, काहींना दमाही होतो. फुलावर आलेलं ढिगात घालू नका. पावसाळ्यात त्याच्या पानांवर पिवळसर अंगाचे, काळ्या रेघांचे छोटे भुंगेरे दिसले तर त्यांना मारू नका. ते मेक्सिकोचे, 1984 मध्ये बेंगळुरात मुद्दाम सोडलेले. त्यांचं काम तेच खाणं आहे.

तणनाशक फवारलं असेल तर तिथलं गवत बाजूला ठेवा. लॉनमधल्या रुंद पानांच्या तणावर 2,4-डी मारतात. त्यानंतरच्या निदान दोन-तीन कापण्यांचं गवत भाजीच्या वाफ्यात जाता कामा नये. टोमॅटो त्याला फारच हळवा, पानं दोरीसारखी पिळवटतात. ते गवत लॉनवरच पडू द्यायचं. जनावराला तर अजिबात नाही.

आणि भाद्रपद जवळ असेल तर हरळीचा एखादा पट्टा तसाच ठेवा. चतुर्थीच्या आदल्या दिवशी गणपत गल्लीच्या बाजारात दूर्वांच्या जुडीचा भाव ऐकला की आपलंच कापलेलं आठवतं.

सगळ्यात सोपं: जिथं कापलं तिथंच सोडा

पुढं लॉन असेल तर निम्मी अडचण इथंच संपते. नियम एकच. एका वेळी पात्याच्या उंचीचा तिसरा हिस्साच कापायचा. दोन इंचांवर ठेवायचं असेल तर तीन इंच झालं की कापा. एवढे छोटे तुकडे पात्यांमधून खाली जमिनीवर पडतात आणि आठवड्या-दोन आठवड्यांत दिसेनासे होतात. हिरवळीला वर्षभर लागणाऱ्या नत्रातला चौथा हिस्सा यातूनच परत मिळू शकतो.

‘त्यानं खाली गादी धरते’ असं बरेच माळी सांगतात. खरं तर ती गादी धावत्या खोडांची आणि मुळांची असते, जी सावकाश कुजतात. पात्याचे बारीक तुकडे त्यात फारसे नसतात.

आता आमच्याकडचा खरा प्रश्न. जुलैत आठ-दहा दिवस सलग पाऊस, यंत्र बाहेर काढता येत नाही आणि उघडीप मिळते तेव्हा गवत सहा इंच झालेलं. तेव्हा एका दमात खाली नेऊ नका. पहिल्या दिवशी वरचा तिसरा हिस्सा, तीन-चार दिवसांनी पुढचा. पहिल्या खेपेचं गवत लांब आणि जास्त असतं, ते दंताळ्यानं ओढून घ्या, दुसऱ्या खेपेचं सोडा. दुपारी तीननंतर, पाती हाताला कोरडी लागली की कापा. ओलं कापलं की गठ्ठे पडतात आणि गठ्ठ्याखालचं लॉन चार दिवसांत पिवळं होतं. यंत्राचं पातं धारदार हवं. बोथट पातं गवत कापत नाही, फाडतं, आणि टोकं तपकिरी होतात. दोरीच्या ग्रासकटरनं तुकडे लांब उडतात, ते नंतर झाडूनं विखरा. तांबड्या जमिनीत खडे असतात, डोळ्यांना चष्मा लावल्याशिवाय ते यंत्र हातात घेऊ नका.

गवळ्याला द्यायचं तर

विळ्यानं कापलेलं लांब, स्वच्छ गवत असेल तर यापेक्षा चांगली वाट नाही. पण त्याच दिवशी द्या. सकाळी कापलेलं संध्याकाळपर्यंत ढिगात तापलेलं, आंबूस वासाचं गवत गाईला घालू नये. यंत्रानं कापलेलं, पेट्रोल-ऑइलचा वास लागलेलं, प्लास्टिकचे तुकडे मिसळलेलं तर नाहीच. निपाणी-चिक्कोडीकडं शर्यतीचे घोडे पाळणारे बरेच आहेत, त्यांना एक सांगतो: यंत्राचं बारीक ओलं गवत घोड्याला कधीच नको. ते पोटात भराभर आंबतं, घोड्याला ओकता येत नाही आणि पोटशूळ जिवावर बेततो.

वाळवून आच्छादन

आच्छादनासाठी माझ्या मते दसऱ्यानंतरची शेवटची कापणी सर्वांत मोलाची. तेव्हा ऊन असतं, गवत दोन दिवसांत वाळतं आणि पुढचे सहा महिने जमिनीला झाकण हवंच असतं.

अंगणात किंवा गच्चीवर बोटभर जाडीत पसरा. दुपारी एकदा दंताळ्यानं उलटा. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मूठ दाबली तर कुरकुर आवाज यायला हवा, मुठीत गोळा राहिला तर अजून एक ऊन द्या. वाळलेलं गवत वांगी, मिरची, केळी, कढीपत्ता, गुलाब यांच्या बुडाशी दोन-तीन इंच जाड पसरा, खोडापासून चार बोटं सोडून. त्याआधी जमिनीला पाणी द्यायचं, कोरड्या मातीवर आच्छादन घातलं तर हलका शिडकावा वरच्या वरच मुरतो. बैलहोंगल, सौंदत्तीच्या काळ्या जमिनीत पाऊस कमी आणि भेगा मोठ्या, तिथं गवताचा उपयोग खतापेक्षा आच्छादनालाच जास्त.

ओलंच घालायचं तर अर्ध्या इंचाहून जाड नको. तो थर सुकला की पुढचा. कुसं आलेलं, बी धरलेलं गवत आच्छादनाला वापरलं तर पुढच्या मृगाला वाफ्यात लॉन उगवेल. भर पावसात भाजीच्या वाफ्यावर जाड आच्छादन मी घालत नाही, गोगलगायी त्याखाली ठाण मांडतात आणि रोपांचं बूड कुजतं. उतारावर मात्र घालतो, तांबडी माती वाहून जात नाही. घराच्या भिंतीपासून फूटभर लांब ठेवा. वाळवी कुठून कुठं जाईल सांगता येत नाही.

आणि खत

यावर थोडा वेळ घालवा, कारण गवताचा मोठा हिस्सा शेवटी इथंच येतो.

जागा परड्यातल्या उंचवट्यावर, विहीर आणि बोअरपासून लांब, खाली माती असलेली. फरशीवर नको. तीन फूट लांब, तीन फूट रुंद, तीन फूट उंच, याहून लहान ढीग नीट तापत नाही. मी चार बांबू रोवून भोवती कोंबडीची जाळी लावली आहे. फटी ठेवून रचलेल्या जुन्या विटाही चालतात. खड्डा करू नका. पश्चिम भागात जूनमध्ये खड्ड्याची विहीर होते.

तळाला वीतभर काटक्या, नारळाच्या झावळ्यांचे देठ, तुरीची धाटं. हवा खालून यायला हवी. मग एक बुट्टी ओलं गवत, दोन ते तीन बुट्ट्या वाळका पाला. थरावर थर रचत बसू नका, दंताळ्यानं जागच्या जागी मिसळा. हे महत्त्वाचं आहे. नुसते थर लावले तर गवताचा थर आतल्या आत चिकटून पोत्यातलंच नाटक परत होतं. प्रत्येक दोन बुट्ट्यांमागं तांब्याभर शेणकाला किंवा ओंजळभर जुनं खत. शेण मिळालं नाही म्हणून कुणी अडत नाही, मूठभर झाडाखालची मातीही पुरते.

कोरडं म्हणून काय घ्यायचं ते गावावर ठरतं. बेळगावच्या पश्चिमेला भाताचं पिंजर, चिक्कोडी-निपाणीकडं उसाचं पाचट, खानापूर भागात काजू-फणसाचा पाला. पाचट हातभर कापून घ्या, नाहीतर वर्षभर तसंच राहील. सुताराकडचा लाकडाचा भुसा चालतो, पण अगदी थोडा, तो फार सावकाश कुजतो. प्लायवूडचा नको, त्यात गोंद असतो. काहीच नसेल तर पुठ्ठ्याचे खोके आणि अंड्यांचे ट्रे फाडून घाला.

ओल किती हवी? आतलं मूठभर काढून जोरात पिळा. बोटांच्या फटीत दोन-तीन थेंब दिसले तर बरोबर, धार लागली तर पाला मिसळा, काहीच आलं नाही तर पाणी शिंपडा. पावसाळ्यात वरून ताडपत्री किंवा पत्रा लागतोच, पण बाजू उघड्या. पूर्ण गुंडाळून ठेवलेला ढीग म्हणजे मोठं पोतंच.

दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी ढीग तापायला लागतो. एक लोखंडी सळी मधोमध खुपसून ठेवा आणि दहा मिनिटांनी ओढून बघा. हातात धरवत नसेल तर आत 55-60 अंश आहे असं समजा. बहुतेक तणांचं बी या उष्णतेत मरतं, पण ढिगाच्या कडेला तेवढी ऊब नसते, म्हणून आठवड्यातून एकदा कडेचं आत आणि आतलं कडेला असं उलटायचं. सकाळच्या गारव्यात उलटताना वाफा निघतात. पहिल्यांदा आमच्या शेजारच्या पोरानं त्या बघितल्या आणि ओरडत आला, ‘काका, गवताला आग लागूलालिया!’

उलटताना बिघाड कळतो. लघवीसारखा झोंबरा वास आला तर गवत जास्त झालं, नत्र अमोनिया होऊन उडतोय, पाला घाला. सडक्या अंड्याचा वास आला तर पाणी जास्त, हवा कमी. उलटा आणि काटक्या घाला. मुंग्या झाल्या तर ढीग कोरडा. तापतच नसेल तर ढीग लहान आहे किंवा गवत कमी आहे.

एक गोष्ट परड्यात माड असणाऱ्यांसाठी. ढिगात अंगठ्याएवढ्या जाड, पांढऱ्या, इंग्रजी सी अक्षरासारख्या वळलेल्या अळ्या सापडल्या तर कौतुक करत बसू नका. त्या गेंड्या भुंग्याच्या असू शकतात. तो भुंगा माडाच्या सुईत, म्हणजे शेंड्याच्या न उलगडलेल्या पानांत, भोक पाडून आतला कोंब खातो आणि नवी झावळी पंख्यासारखी कातरलेली बाहेर पडते. उलटताना अळ्या वेचून काढा आणि कोंबड्यांना टाका. आमच्याकडं कोंबड्या नाहीत, पण दंताळं वाजलं की साळुंक्या कुंपणावर येऊन बसतात.

ढीग आठवडेच्या आठवडे न हलवता ठेवला तर उंदीर घर करतात आणि उंदरांमागं साप येतो. शिळं अन्न त्यात टाकू नका, आणि उलटायच्या आधी काठीनं दोनदा आपटा. हात घालून काही करू नका.

अडीच ते चार महिन्यांत ढीग निम्म्याहून कमी होतो, काळा होतो, पहिल्या पावसाच्या मातीसारखा वास येतो. खात्री करायची तर ओलं मूठभर खत प्लास्टिकच्या पिशवीत बांधून तीन दिवस ठेवा. उघडल्यावर घाण वास आला तर अजून महिना थांबा. जुलैचा ढीग दिवाळीत तयार होतो, म्हणजे हिवाळी भाजीच्या वाफ्याला अगदी वेळेवर. गणपतीचं निर्माल्य, दोरा आणि जरी काढून, यातच घातलं तरी चालतं.

गांडूळखत करणाऱ्यांनी ताजं गवत टाकीत घालू नये. गवत तापतं आणि 35 अंशांच्या वर गांडुळं टिकत नाहीत. आधी दोन-तीन आठवडे ढिगात कुजू द्या, गार झालं की टाकीत.

बादलीत गवत भिजवून त्याचं पाणी झाडांना घालायची पद्धतही आहे. तीन-चार दिवस भिजवून दसपट पाण्यात मिसळतात. चालतं. पण पावसाळ्यात उघडी बादली म्हणजे डेंग्यूच्या डासाला आवतण, आणि वासानं शेजार तुटतो. मी एकदा केलं, परत नाही केलं.

पोती

अर्ध्या गुंठ्याच्या हिरवळीला मी दहा पोती पाला साठवतो. जुलैत वाटतं उगाच एवढा केला, सप्टेंबरात शेवटचं पोतं उघडताना वाटतं कमी पडला. फेब्रुवारीच्या शेवटापासून सकाळी सातच्या आत गल्लीत जायचं, कुणी काडी ओढायच्या आधी. पाला पूर्ण वाळलेला असू द्या, दवानं ओला असेल तर तासभर उन्हात टाकून मगच भरा. इथं मात्र पायानं दाबून भरलं तरी हरकत नाही. पोती पत्र्याखाली, दोन विटांवर, भिंतीपासून सुटी ठेवा, म्हणजे पावसाची ओल खालून चढत नाही. चुलीच्या किंवा बंबाच्या जवळ नकोत. आणि ज्या पोत्यांत फणसाचा पाला असेल त्यांना वेगळ्या रंगाची दोरी बांधा. तो जाड असतो, लवकर कुजत नाही, पहिल्या ढिगाला तळाशी काटक्यांवर तोच लागतो.